दगडालाही हवा बाधते



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला, की तो बोनस आणि महागाई यांवर बोलणार अशी आपली समजूत असते, आणि ती बहुधा खरीही ठरते. आज मात्र मी दगडांविषयी बोलणार आहे. हौसेने घरात जमवलेली खनिजे का बिघडतात आणि ती कशी टिकवावीत, एवढाच माझा विषय. मी कॉलेजात गेलेला माणूस नव्हे. सभांच्या निमित्ताने दगडखाणींवर जाणे झाले, मजुरांनी एखादा चकाकणारा तुकडा हातावर ठेवला, आणि तो काय आहे हे कळावे म्हणून पुस्तके धुंडाळावी लागली. माझे शिक्षण ते तेवढेच.

'काळ्या दगडावरची रेघ' असे आपण म्हणतो. दगड बदलत नाही, ही कल्पना आपल्या भाषेतच मुरली आहे. काळ्या कातळापुरती ती चालेल. त्या कातळाच्या पोकळ्यांत वाढलेल्या स्फटिकांना मात्र ती लागू पडत नाही. आपला दख्खनचा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. तो थिजताना वायूच्या बुडबुड्यांनी त्यात पोकळ्या राहिल्या आणि पुढे झिरपलेल्या ऊन पाण्याने त्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, स्कोलेसाइट, अपोफिलाइट अशी खनिजे घडवली. भोर घाटाचा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. त्याच्या खोदाईत निघालेले स्फटिक विलायतेच्या संग्रहालयांपर्यंत गेले. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतले नमुने आज जगभरचे संग्राहक जपतात.

असा स्फटिक युगानुयुगे अंधारात, ठरावीक ओलाव्यात राहिलेला असतो. सुरुंग उडतो आणि क्षणात तो उन्हावाऱ्यात येतो. काहींना हा बदल सोसतो, काहींना सोसत नाही. कोणाला काय सोसत नाही, हे ओळखणे म्हणजेच जतन.

पहिले उदाहरण घरचेच घेऊ. क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ साली एका जातीच्या खनिजांना 'झिओलाइट' हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ उकळणारा दगड. तापवला की तो वाफ सोडतो, कारण त्याच्या घडणीतच पाणी असते. बहुतेक झिओलाइट हे पाणी घरच्या हवेत धरून ठेवतात. पण लोमोंटाइट हा त्याच कुळातला दुबळा भाऊ. कोरड्या हवेत त्याचे पाणी उडू लागते, पारदर्शक स्फटिक पांढरा, खडूसारखा होतो आणि बोट लागताच त्याचा भुगा पडतो. वैशाखातले आठ दिवस त्याला पुरतात. म्हणून त्याला घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे आणि आत शेजारी ओल्या कापसाची उघडी डबी ठेवावी.

आता याच्या अगदी उलट प्रकृतीचा माक्षिक पाहा. हा लोह आणि गंधक यांचा सोन्यासारखा चमकणारा दगड. याचा वैरी पावसाळा. दमट हवेत, विशेषतः आर्द्रता साठ टक्क्यांवर गेली की, काही नमुन्यांतला गंधक हवेशी संयोग पावतो. पांढरी-पिवळी भुकटी दिसू लागते, उग्र वास येतो आणि गंधकाम्ल तयार होते. ते अम्ल दगड फोडते, खालची चिठ्ठी खाते आणि खोक्यालाही भोक पाडते. वरून व्हार्निश लावून हा रोग थांबत नाही. तो आत चालूच राहतो. आजारी नमुना प्रथम वेगळा काढावा, भुकटी कोरड्या ब्रशाने झाडावी आणि सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवावा. माक्षिक पाण्याने धुऊ नये.

म्हणजे एकाला ओलावा हवा, दुसऱ्याला कोरडेपणा. दोघांना एका कपाटात, एका हवेत ठेवणारा संग्राहक दोघांपैकी एकाला मारणारच. आमच्या चळवळीतही सर्व खात्यांना एकच मागणीपत्रक लावून चालत नाही; भट्टीवरच्या माणसाचे दुखणे निराळे, हिशेबनिसाचे निराळे.

तिसरा वैरी उजेड. बाहेरून आणलेली मनशीळ उजेडात ठेवली तर तिचा तांबडा स्फटिक पिवळ्या भुकटीत बदलतो. तिच्यात सोमल असतो, म्हणून हाताळल्यावर हात धुवावेत. जांभळ्या गारेचा रंगही वर्षानुवर्षे उन्हात राहिल्यास फिकटतो. आपण मात्र शोभेसाठी नेमक्या याच वस्तू खिडकीत मांडतो! त्यांची जागा खणात.

चौथा वैरी आपली स्वच्छतेची हौस. ओकेनाइटचा कापसासारखा गोळा एकदा भिजला की त्याचे तंतू चिकटून बसतात आणि पुन्हा उमलत नाहीत. संडास धुण्याचे ॲसिड झिओलाइटवर ओतू नये. त्यातल्या कित्येकांचा त्याने लगदा होतो. अपोफिलाइट एकदम गरम पाण्यात घातला तर तडकतो.

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दगड शाबूत राहिला आणि चिठ्ठी हरवली, तर अर्धा दगड गेलाच. हजेरीपटावर नाव नसलेल्या कामगाराने दिवसभर घण मारला तरी संध्याकाळी त्याची गणती होत नाही. बिनचिठ्ठीच्या नमुन्याचे तसेच. शहरे वाढतात, खाणी बुजतात, त्यांवर इमारती उभ्या राहतात. मग त्या जागेची साक्ष आपल्या कपाटातल्या तुकड्यापाशीच उरते. म्हणून नमुन्याच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका द्यावा, त्यावर काळ्या शाईने क्रमांक घालावा आणि वहीत त्या क्रमांकापुढे खाणीचे नाव, तारीख, आणि ज्याने तो काढला त्या माणसाचेही नाव लिहावे. त्याने पहार बेताने लावली म्हणून तो स्फटिक खडीत गेला नाही. दगडाची धूळ छातीत घेऊन त्याने तो आपल्यापर्यंत पोचवला. त्या धुळीने सिलिकोसिस होतो आणि त्यावर अजून उतारा नाही. निदान वहीतली एक ओळ तरी त्याची असावी.

उद्या रविवार आहे. घरी जाऊन आपले कपाट उघडा. कुठे भुकटी पडली आहे का, कुठली चिठ्ठी पिवळी पडली आहे का, ते पाहा. मृगाला अजून अवकाश आहे. तेवढ्यात पुष्कळ काम उरकता येईल.