जवळचा सांठा

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत राहणाऱ्या शेतकऱ्याला सातबारा हवा असला म्हणजे हल्लीं तो प्रथम खिशांतील फोन काढतो. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा २०१८ पासून संकेतस्थळावर मिळतो. परंतु डोंगराआड रेंज क्षीण झाली म्हणजे पडद्यावरील चक्र फिरतच राहतें. अशा वेळीं संकेतस्थळें रचणारे लोक ‘कॅश’चा उपाय सुचवितात. ही कॅश म्हणजे रोकड नव्हे, बरें का! लपविणें या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून हा शब्द आला आहे. एकदां मिळालेलें उत्तर हाताशीं ठेवावयाचें आणि तीच मागणी पुन्हां आली कीं मूळ दप्तरापर्यंत न जातां तेंच द्यावयाचें. संगणकाच्या स्मृतीसाठीं ही कल्पना मॉरिस विल्क्स यांनीं १९६५ सालीं मांडली होती.

युक्ति नामी खरी. पण सातबाऱ्याच्या बाबतींत ती घातकहि ठरूं शकते. कर्जाचा बोजा काल उतरला, मंडळ अधिकाऱ्यानें फेरफार प्रमाणित केला, आणि आज सांठ्यांतला जुना उतारा बोजासकट पुढें आला, तर नवें पीककर्ज कोण देईल? गांवांची यादी, चित्रें, नकाशे हीं खुशाल सांठवावींत. हक्काची नोंद मात्र दर खेपेस मूळ दप्तराशीं ताडून पाहावी. त्यासाठीं सबंध उतारा पुन्हां आणावा लागत नाहीं. ‘बदल नाहीं’ या अर्थाचें ३०४ क्रमांकाचें उत्तर पुरतें.

म्हणूनच हा सांठा ऐच्छिक असावा, असें माझें मत आहे. एक कळ फिरवितांच तो बंद व्हावा, आणि त्यावांचूनहि काम सावकाश कां होईना, पण बिनचूक चालावें. शिवाय सांठा चालू असतां किती वेळ लागतो व बंद असतां किती, हें मग मोजतां येतें.

मोजावयाचें कोठें? सर्व्हर म्हणजे मुख्य संगणक, तो पाव सेकंदांत उत्तर देत असेल आणि मोखाड्यांतील माणूस वीस सेकंद तिष्ठत असेल, दोन्ही खरें. विलंब वाटेंत असेल तर सर्व्हरवरचा सांठा वाढवून कांहींच होणार नाहीं. सांठा फोनमध्येंच हवा. सरासरीवर तर माझा मुळींच विश्वास नाहीं. शंभरांपैकीं नव्वद मागण्या एका सेकंदांत व दहा वीस सेकंदांत पुऱ्या झाल्या, तर सरासरी तीन सेकंदांच्याहि आंत येते आणि ते दहाजण कोणाच्या खिजगणतींत राहत नाहींत. याकरितां वेळा चढत्या क्रमानें मांडून त्यांतील पंचाण्णवावी पाहण्याची चाल आहे. ती येथें वीस सेकंद निघेल.