गवत कापायचं जुनं यंत्र घेण्याआधी

(भाईंदर येथील महासंघाच्या बैठकीत झालेले हे बोलणे सर्व गटांसाठी देत आहोत.)



नवरात्र जवळ आलं की आपल्या गटांत एकच विषय निघतो, गवत. वरकस जमिनीवरचं गवत पाऊस सरताच कापायचं, वाळवायचं, गठाणी बांधून मुंबईच्या तबेल्यांना द्यायच्या, हा आपल्या वसई-भिवंडी-वाड्याकडचा जुना धंदा. भाईंदर स्टेशनला उतरलं की नुसत्या इमारती दिसतात, पण चेणे-घोडबंदरकडच्या बायकांना गवताचं काही शिकवावं लागत नाही. आता विळ्यावर माणूस मिळत नाही. म्हणून ग्रास कटर हवा, आणि नवा परवडत नाही म्हणून जुना. आमचा गट इथंच फसला.

अंतर्गत कर्जातून नऊ हजार काढले. विकणाऱ्याने आमच्यासमोर एकदाच दोरी ओढली, मशीन लगेच चालू! आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात चाळीस वेळा दोरी ओढली, ढिम्म. मेकॅनिक म्हणाला, पिस्टन झिजलाय. आम्ही पोचायच्या आधी त्याने ते चालवून गरम करून ठेवलं होतं. दुरुस्तीत तीन आठवडे गेले. तोवर गवताला बी धरून ते काडीसारखं झालं, तबेलेवाल्याने भाव पाडला. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला बरोबर आला.

तेव्हा पहिली गोष्ट, गेल्या गेल्या इंजिनजवळ हात न्या. धग लागली तर चहा प्या, गप्पा मारा, थंड होऊ द्या, मगच दोरी ओढायला सांगा. नाही, सांगू नका, तुम्हीच ओढा. दोरी हाताला घट्ट लागली पाहिजे. सैल, हलकी आली तर आतला दाब गेलेला असतो. मग सहज विचारा, "दादा, पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकता?" टू-स्ट्रोक मशीनला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावंच लागतं, फोर-स्ट्रोकला ऑइल वेगळं असतं. तो अडखळला तर समजा, मशीन कोरड्या पेट्रोलवर चाललंय. अशा मशीनला आतून ओरखडे पडलेले असतात.

चालू झालं म्हणजे झालं, असंही नाही. अर्धा तास खरं गवत कापून बघा, बंद करा, आणि तसंच गरम असताना पुन्हा चालू करा. पुष्कळ जुनी यंत्रं इथंच रुसतात. ॲक्सिलरेटर सोडल्यावर पातं थांबलं पाहिजे. फिरतच राहिलं तर ते हातात धरायचं नाही, मग कितीही स्वस्त असो. मशीन बंद करून, स्पार्क प्लगची टोपी काढून, पातं वर-खाली हलवा. खडखडलं तर गिअरकडचं बेअरिंग गेलंय. पात्याजवळचं गार्ड बहुतेकांनी काढून फेकलेलं असतं. ते नवं बसवायचा खर्च किमतीतून कापून घ्या. पात्याने उडालेला दगड डोळा घेऊन जातो. चष्मा आणि बूट घालायचे, पदर खोचायचा, आणि पन्नास फुटांत दुसरी बाई विळा घेऊन बसलेली नको. नायलॉनची दोरी लावलेलं मशीन अंगण साफ करायला ठीक, पण त्याने गवताचा चुरा होतो, भारा बांधता येत नाही. आपल्याला लोखंडी पातंच हवं.

एकीच्या मुलाने मोबाईलवर परदेशातलं मोठं यंत्र दाखवलं होतं. ट्रॅक्टरला जोडतात, ते गवत कापतं आणि रोलरमध्ये चेचतंही. चेचल्यामुळे जाड दांडा पानाबरोबरच वाळतो. लसूणघासासारख्या चाऱ्याला ते कामाचं, कारण तिथे दांडा वाळेपर्यंत पानं गळून जातात. आपलं मारवेल, पवन्या बारीक काडीचं, ऑक्टोबरच्या उन्हात पसरून उलटलं की वाळतं. शिवाय आपल्या उतारावर आणि बांधांवर तो ट्रॅक्टर फिरणार कुठे? तो मोह सोडा. गठाण बांधायच्या आधी मात्र मूठभर गवत पिळून बघा. काडी मोडली पाहिजे. ओलं गवत दाबलं तर आतून तापतं, बुरशी येते, कधी पेटतंही.

आता पैशाचं. जुन्या यंत्राला सरकारी अनुदान नाही. नव्याला महाडीबीटीवर अर्ज करता येतो, महिला शेतकऱ्याला 50 टक्क्यांपर्यंत मिळतं. पण पूर्वसंमती येण्याआधी खरेदी केली तर हातचं जातं, आणि संमतीला वेळ लागतो. म्हणून अर्ज उन्हाळ्यातच टाका. जुन्याची किंमत नव्याच्या निम्म्याजवळ जात असेल तर माझं मत विचाराल, तर एक हंगाम भाड्याने काढा.

आणि घेतलंच तर पावती गटाच्या नावाने, इंजिन नंबरासकट. आमच्या पावतीवर एका ताईंच्या मिस्टरांचं नाव होतं, मशीनही त्यांच्याच पडवीत असायचं. गटाला लागेल तेव्हा ते दुसऱ्याच्या वावरात गेलेलं असायचं. दुरुस्तीनंतर आम्ही ते अध्यक्षांकडे आणलं. आता दोघी जणी चालवायला शिकल्यात, आणि वहीत तासांची नोंद होते.