युद्धाचा पैसा आणि रयतेचा भरवसा

(नाशिक जिल्ह्यातील शेतकरी व कारागीर मंडळींपुढे एका खेड्यातील शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



सरकारवर रयतेचा भरवसा किती, हे सभेतल्या टाळ्यांवरून कळत नाही. ते बाजारात कळते. दुसऱ्या महायुद्धात आपल्या लोकांनी ते कसे दाखवून दिले, तेवढेच आज सांगतो.

3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. लोकांनी निवडलेल्या एकाही कायदेमंडळाला विचारले नाही. त्यावरून दुफळी माजली. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. आपल्या भगूरचे सावरकर तरुणांना फौजेत शिरा म्हणत होते. हिटलरचा विजय हे अधिक मोठे संकट, असे मानणारे डॉ. आंबेडकर 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. पुढाऱ्यांचा वाद चालू राहिला; रयतेने आपला कौल रुपयावर दिला.

त्या वेळचा रुपया एक तोळ्याचा, बारा भागांत अकरा भाग चांदीचा. जून 1940 मध्ये फ्रान्स पडला आणि लोक नोटा देऊन रुपये मागू लागले. इंग्रज हरला तर त्याचा कागद कोण घेणार, हा त्यांचा साधा हिशेब! सरकारने काय केले? गरजेपेक्षा जास्त नाणी घेणे गुन्हा ठरवला, एक रुपयाची नोट काढली, नव्या रुपयातील चांदी निम्म्यावर आणली आणि राणीछाप रुपया 1941 मध्ये चलनातून काढला. भरवसा हुकमाने आणू पाहिला.

युद्धाच्या आरंभी देशात सुमारे 180 कोटी रुपयांच्या नोटा होत्या. 1945 मध्ये त्या 1,100 कोटींवर गेल्या. त्या आपल्याच नाशिकरोडच्या छापखान्यात छापल्या जात. ब्रिटनसाठी इथे माल खरेदी होई, त्याचे पौंड लंडनच्या खात्यात जमा दिसत, आणि त्यांच्या जोरावर इथे नवी नोट निघे. माल गेला, कागद उरला. भाव दुपटीहून वर चढले.

कोणी म्हणेल, शेतकऱ्याच्याही धान्याला भाव आलाच की! आला, पण ज्याच्या कणगीत विकून उरण्याइतके होते त्याला. मजूर, विणकर, लोहार, चांभार यांना तेच धान्य विकत घ्यायचे होते. 1943 मध्ये बंगालात लाखो माणसे उपासमारीने मेली. त्यांत अशीच विकत घेऊन खाणारी गरीब माणसे फार होती. दोन रेड्यांची झुंज आणि झाडांचा काळ, ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगाच केलेली नाही.

बंधूंनो, दोष कागदाचा नव्हे. आजही आपला व्यवहार कागदावरच चालतो. दोष हा, की ज्याच्या खांद्यावर ओझे दिले त्याला आधी विचारले नाही आणि मागून हिशेबही दाखवला नाही. म्हणून गावची सोसायटी असो वा दिल्लीचे सरकार, दोन प्रश्न विचारायला शिका: कोणाला विचारून केले? खर्च कोणाच्या घरातून गेला? हे विचारण्यापुरती विद्या आपल्या मुलांना आणि मुलींनाही द्या.