बुडाल्यानंतरचे गाव



जगबुडीच्या कादंबऱ्या पुष्कळ निघतात. त्यांत बहुधा एखादा एकटा पुरुष बंदूक घेऊन उजाड शहरातून हिंडत असतो आणि बाकीची माणसे एकमेकांच्या उरावर बसलेली असतात. आम्हांला हे पटत नाही. संघटनेच्या कामात आम्ही अडचणीतली माणसे जवळून पाहिली आहेत. ती भांडतात खरी, पण पीठही उसने देतात.

म्हणून कॅनडातील एका मूलनिवासी लेखकाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. वॉबगेशिग राइस हे अनिशिनाबे समाजाचे. जॉर्जियन उपसागरावरील वॉसॉक्सिंग ही त्यांची वस्ती. ‘मून ऑफ द क्रस्टेड स्नो’ ही त्यांची इंग्रजी कादंबरी २०१८ साली प्रसिद्ध झाली. उत्तरेकडच्या एका राखीव वस्तीत हिवाळ्याच्या तोंडी वीज जाते, टेलिफोन मुके होतात, शहरातून येणारा माल थांबतो. कारण शेवटपर्यंत कळत नाही, आणि लेखक ते सांगण्याच्या भरीसही पडत नाही. डिझेल किती दिवस पुरेल, शिधा कसा वाटावयाचा, म्हाताऱ्यांच्या घरी लाकूड कोणी फोडून द्यावयाचे, हेच तेथे राजकारण होऊन बसते. संप लांबला म्हणजे काय होते हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना ही पाने परकी वाटणार नाहीत. पहिल्या आठवड्यात भाषणे पुरतात; पुढे धान्याची यादी कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न येतो. या यादीचा हिशेब लेखकाने जरा घाईने उरकला, अशी आमची तक्रार आहे.

कथानायक इव्हान हा वस्तीच्या रस्त्यांवरील बर्फ काढणारा कामगार. पहिल्याच प्रकरणात तो मूज नावाचे मोठे सांबर मारतो, तंबाखू वाहून त्याचे आभार मानतो. मांस नातलगांत वाटावयाचे हे त्याच्या मनात आधीच ठरलेले असते. संकट येण्यापूर्वीच वाटून खाण्याची सवय जिवंत होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. याउलट दक्षिणेकडून आलेला स्कॉट हा गोरा आसरा मागतो, आणि मग दारू व बंदुका यांच्या जोरावर निराश पोरे भोवती गोळा करतो. अखेर तो मृतांचे मांस खाण्यापर्यंत जातो. अनिशिनाबे कथांतील नरभक्षक विंडिगो तो हाच. ही जात आमच्या ओळखीची आहे. दर संपात एखादा तरी येतोच.

एलीन नावाची एक वृद्धा इव्हानला समजावते की, आपले जग आता बुडत नाही, ते केव्हाच बुडाले. गोऱ्यांनी मूळ भूमीवरून हुसकले तेव्हा बुडाले, आणि मुले हिरावून नेली तेव्हा पुन्हा बुडाले. ही कल्पनेची भरारी नव्हे. कॅनडाच्या निवासी शाळांत सुमारे दीड लाख मूलनिवासी मुले घातली गेली, त्यांची भाषा मोडली गेली. शेवटची शाळा १९९७ साली बंद झाली. चेरी डिमलाइन यांच्या २०१७ सालच्या ‘द मॅरो थीव्ह्ज’मध्ये तर त्याच शाळा भविष्यकाळात पुन्हा उघडतात.

आता पुनर्उभारणी कशाची करावयाची? राइस यांचे लोक विजेची वाट पाहत बसत नाहीत. ते सरकारने नेमून दिलेली वस्तीच सोडतात आणि रानात नवे घर मांडतात. २०२३ साली आलेल्या दुसऱ्या भागात बारा वर्षे लोटलेली आहेत. तेथलेही अन्न आटू लागते, तेव्हा मोजकी माणसे दक्षिणेला, पूर्वजांच्या मोठ्या पाण्याकडे पायी निघतात. इव्हान आपल्या तरुण मुलीला, नँगॉन्सला, बरोबर घेतो. धनुष्य तिच्याच खांद्यावर असते.