कांदा सडतो चाळीत, बिघडतो रानात
(मारुंजी, ता. मुळशी येथील बैठकीतील भाषण)



भाताच्या मुळशीत आज आपण कपाशी-ज्वारीवाली जिरायत माणसं जमलो आहोत. विहिरीला पाणी टिकलं की आपण दहा-वीस गुंठे उन्हाळी कांदा करतो. एप्रिलात सगळ्यांचा माल एकदम निघतो, भाव पडतो. चाळीत ठेवावा तर पावसाळ्यात सडतो. मग आपण चाळीला शिव्या देतो.

ज्वारीचा दाणा दाताखाली कटकन वाजला तरच आपण कणगी भरतो. ओला कापूस गंजीत घातला तर तापतो, पिवळा पडतो. हिमाचलच्या सफरचंदाला झाडावरच कॅल्शियम कमी पडलं आणि नत्र जास्त झालं, तर शीतगृहातसुद्धा सालीखाली कडू डाग धरतात. माल टिकणार की नाही, हे रानातच ठरतं.

इथे आमची चूक कबूल करतो. कांदा पोसावा म्हणून आम्हीच एके वर्षी शेवटी शेवटी युरिया टाकायला सांगितला. कांदा मोठा झाला, पण माना जाड राहिल्या, वाळल्या नाहीत. श्रावणात चाळ उकिरड्यावर गेली. पदवी आमची होती, नुकसान शेतकऱ्याचं झालं.

म्हणून ऐका. खरिपाचा कांदा टिकत नाही. साठवायला रब्बीचाच घ्या, एन-२-४-१ किंवा राजगुरुनगरच्या संशोधन केंद्राचा भीमा किरण. लागणीनंतर ६० दिवसांपुढे नत्र बंद. काढणीआधी १५ दिवस पाणी तोडा. निम्म्या माना पडल्या की काढा. एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर झाकून तीन दिवस रानात सुकवा. मग इंच-दीड इंच मान ठेवून पात कापा आणि दहा-बारा दिवस सावलीत वाळवा. जोड, डेंगळे, चिंगळी आधी विका. चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचला. रास चार फूट रुंद, पाच फुटांपेक्षा उंच नको. वारा खालून फिरला पाहिजे.

चाळ भाव देत नाही, हेही खरं. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. तेवढ्यात चांगल्या कांद्याचीही माती झाली. ती लढाई वेगळी, ती लढावीच लागेल. पण सडणारा माल घेऊन बसलेल्याला व्यापाऱ्यापुढे थांबता येत नाही. टिकणाऱ्या मालाचा धनी चार दिवस थांबू शकतो.

प्रत्येक गावाने एक चाळ निवडा. भरताना वजन करा, काढताना वजन करा. पुढच्या बैठकीला ते दोन आकडे घेऊन या.