डिपॉझिट देण्याआधी

भाड्याच्या घराचे बहुतेक वाद घर सोडताना उफाळतात, पण त्यांचं मूळ पहिल्याच दिवशी, न नोंदवलेल्या करारात असतं. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही,’ असं एजंट सर्रास सांगतात. महाराष्ट्रात ते साफ चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा. ही जबाबदारी घरमालकाची. टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून मोलाचं म्हणजे, लेखी नोंदवलेला करार नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.

कुणी म्हणेल, इतकं कायद्यावर बोट ठेवलं तर घर दुसऱ्याला जाईल. भीती खोटी नाही. पण नोंदणी मालकाच्याही सोयीची आहे: मुदत संपूनही घर रिकामं झालं नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि तिथे लेखी करार निर्णायक पुरावा ठरतो. तरीही जो टाळाटाळ करतो, त्याला बहुधा काही लपवायचं असतं. कधी भाड्याचं उत्पन्न, तर कधी घरावरची दुसऱ्याचीच मालकी. म्हणून टोकन देण्याआधी वीजबिल, मालमत्ता कराची पावती आणि सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा, ‘इंडेक्स टू’) यांवरची नावं ताडून पाहावीत. डिपॉझिट बँकेतूनच द्यावं. ते किती दिवसांत परत मिळणार आणि रंगकामाचे किती पैसे कापणार, हे आकड्यांनिशी करारातच लिहून घ्यावं.