शब्दांची पत
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



'वक्तृत्व आणि विश्वास' हा विषय मला देण्यात आला आहे. वक्तृत्वावर बोलणारा स्वतः वक्ता असावा अशी आपली अपेक्षा असणार. मी हिशेब आणि टिपणे यांत आयुष्य घालविलेला सरकारी नोकर. म्हणून ज्या भाषणाची थोरवी आकड्यांत आहे, तेथूनच आरंभ करतो.

२६ मार्च १९०२ चा दिवस. कलकत्ता तेव्हा हिंदुस्थानची राजधानी होती. व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर चर्चा चालली होती. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन होते. सरत्या वर्षी सरकारी तिजोरीत सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक पडली होती आणि त्याबद्दल अर्थसदस्यांचे अभिनंदन होत होते. अशा वेळी पस्तीस वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले उभे राहिले आणि या अभिनंदनात आपणांस मनापासून सहभागी होता येत नाही, असे त्यांनी आरंभीच सांगून टाकले.

हे शब्द कोणाच्या मुखातून येत होते, हे लक्षात घेतले पाहिजे. पाच वर्षांपूर्वी, १८९७ साली, वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेला गेले होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातील गोऱ्या सोजिरांनी केलेल्या अत्याचारांच्या हकीकती त्यांना पत्रांतून कळल्या. त्या खऱ्या मानून त्यांनी तेथील वृत्तपत्रांत त्यांची वाच्यता केली. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, तेव्हा पुराव्याला कोणी पुढे येईना. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. इंग्रजांनी त्यांना बेजबाबदार ठरविले आणि स्वकीयांनी भित्रे. त्या काळी पुढाऱ्याच्या पदरी याहून मोठे दिवाळे येणे कठीण होते.

आमच्या हिशेबाच्या भाषेत 'पत' हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. बाजारात ज्याची पत गेली, त्याने सावकारापुढे कितीही अश्रू ढाळले तरी त्याला कर्ज मिळत नाही. गोखल्यांनी हे ओळखले असावे. कौन्सिलात त्यांनी ऐकीव असे काहीही सांगितले नाही. जे आकडे मांडले ते सरकारच्याच कागदपत्रांतून उचललेले होते. त्यांच्या जुळणीत अर्थशास्त्राचे गाढे अभ्यासक गणेश व्यंकटेश जोशी यांचे त्यांना साहाय्य होते, आणि त्यापूर्वीची शिस्त न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखालची. रुपयाचा भाव घसरला म्हणून जे कर वाढविले गेले, ते भाव सावरल्यावरही तसेच चालू राहिले. म्हणजे ही शिल्लक देशाच्या भरभराटीची खूण नसून दुष्काळ आणि प्लेग यांनी पिचलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा जास्त घेतलेला पैसा आहे, असा त्यांचा मुद्दा होता. प्रतिपक्षाच्याच वहीतील नोंदी वाचून दाखविल्या म्हणजे बोलणाऱ्याची पत विचारण्याचे कारणच उरत नाही. गेलेली पत परत मिळविण्याचा इतका चोख मार्ग मला दुसरा माहीत नाही.

या भाषणात भावना नव्हती असे मात्र कोणी समजू नये. मिठावरील कराची चर्चा करताना ती दिसते. मीठ गरिबाला टाळता येत नाही. तेही माणूस हात आखडून खाऊ लागला तर त्याच्या दैन्याचे निराळे वर्णन करावे लागत नाही. गोखल्यांनी ते केलेही नाही. ऐकणाऱ्याने स्वतःच ते चित्र मनात पुरे करावे, एवढी जागा त्यांनी सोडली. १९०३ साली मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया झाला. एका भाषणाचे हे फळ आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्या मागणीला तिजोरीच्याच भाषेत ज्यांनी बळ दिले, त्यांत गोखले अग्रभागी होते.

ॲरिस्टॉटलने मन वळविण्याची तीन साधने सांगितली आहेत: वक्त्याचे शील, श्रोत्यांची भावना आणि प्रत्यक्ष युक्तिवाद. शीलावरचा विश्वास पूर्वलौकिकातून नव्हे, तर त्या भाषणातूनच उत्पन्न झाला पाहिजे, असा त्याचा आग्रह आहे. आपल्याकडील न्यायशास्त्राची दृष्टी निराळी. तेथे 'आप्त' म्हणजे ज्याला वस्तू प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, असा मनुष्य; त्याचा शब्द प्रमाण. माझा कौल न्यायशास्त्राकडे आहे. भाषणापुरते शील चतुर नटालाही उभे करता येते. गोखल्यांच्या भाषणात दोन्ही गोष्टी जुळून आल्या, याचे कारण आकडे त्यांना खरोखरच ठाऊक होते.

सहा वर्षांनी मुंबई हायकोर्टात एक अगदी निराळे भाषण झाले. 'केसरी'तील दोन लेखांवरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला होता. १३ ते २२ जुलै १९०८ या काळात तो चालला, आणि लोकमान्यांनी स्वतःच आपली बाजू मांडली. ते एकंदर एकवीस तास दहा मिनिटे बोलले. त्यातला फार मोठा भाग रूक्ष आहे. कायद्याची कलमे, पूर्वीचे निवाडे, आणि मराठी शब्दांचे इंग्रजी भाषांतर कसे चुकीचे झाले आहे याची चिकित्सा. मराठी लेखकाचे शब्द तोलावयाचे होते आणि ज्यूरीतील बहुतेकांना मराठी येत नव्हते! परभाषी मुलखात राहणाऱ्या आपणांस त्यातील अडचण मुंबईकरांपेक्षा लवकर कळेल.

सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. काही सांगावयाचे आहे काय, असे विचारल्यावर लोकमान्यांनी मोजकी वाक्ये उच्चारली: आपण निर्दोष आहोत, न्यायासनाहून श्रेष्ठ शक्ती जगात आहेत, आणि आपल्या मुक्ततेपेक्षा आपल्या क्लेशांनीच हाती घेतलेले कार्य वाढावे अशी त्यांची इच्छा असेल. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मुंबईतील गिरणी कामगारांनी दर वर्षाला एक याप्रमाणे सहा दिवस काम बंद ठेवले. तीच वाक्ये १९५६ पासून त्या न्यायालयात संगमरवरावर कोरलेली आहेत.

कीर्तनाच्या भाषेत बोलावयाचे तर येथे एकवीस तासांचा पूर्वरंग आणि दोन मिनिटांचा उत्तररंग झाला. कीर्तनकार आधी निरूपण करतो आणि मग आख्यानाला हात घालतो, त्यात श्रोत्यांच्या डोळ्यांना पाणी आणतो. पूर्वरंग फसला असेल तर ते पाणी येत नाही. लोकमान्यांचे शब्द लोकांना भिडले कारण बोलणारा मनुष्य त्या शब्दांची किंमत त्याच रात्री चुकती करणार होता, आणि अकरा वर्षांपूर्वीच्या राजद्रोहाच्या खटल्यात त्याने ती एकदा चुकती केलेलीही होती. ज्यूरीचे मन त्यांना वळविता आले नाही, हेही तितकेच खरे. ज्याने कान उघडे ठेवलेले नाहीत, त्याच्यापुढे पत आणि भावना दोन्ही निष्फळ ठरतात.

कचेरीत हाच नियम फार क्षुद्र रूपात पाहावयास मिळतो. प्रत्येक फायलीवर 'अत्यंत तातडीचे' अशी तांबडी चिठ्ठी लावणाऱ्याच्या फायली सावकाश वाचल्या जातात. आणि हल्ली भ्रमणध्वनीवर रोज सकाळी थोर पुरुषांच्या नावे जी वचने येतात, त्यांतील पुष्कळशी त्यांनी कधी उच्चारलेली नसतात. दुसऱ्याची पत उसनी घ्यावयाची, त्यावर थोडा गहिवर शिंपडावयाचा, आणि पुढे पाठवावयाचे. सुशिक्षित घरांतूनही हे चालते, याचे मला वाईट वाटते.

जाता जाता मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेविषयी एक सूचना करतो. आपल्या गुणपत्रिकेत आवाज, उच्चार, हावभाव आणि पाठांतर अशी चार सदरे आहेत. घरापासून इतक्या दूर वाढलेली मुले शुद्ध मराठीत पाच मिनिटे बोलतात, याचे कौतुक मलाही आहे. परंतु बहुतेकांचे भाषण दुसऱ्याने लिहिलेले असते आणि तिसऱ्या मिनिटाला मूठ वळावयाची हे ठरलेले असते. यापुढे प्रत्येक भाषणानंतर श्रोत्यांनी मुलाला दोन प्रश्न विचारावेत आणि त्या उत्तरांना निम्मे गुण असावेत. उत्तर अडखळत, हिंदी मिसळून आले तरी चालेल, पण ते त्याचे स्वतःचे असावे. ही सूचना कार्यकारी मंडळाकडे मी लेखी दिली आहे. मुलांपेक्षा पालकांचाच विरोध अधिक होईल, असा चिटणिसांचा अंदाज आहे.